अर्जावरचा पेढा

आमच्या कार्यालयात मूल झालं की पेढे वाटायची पद्धत आहे. परवा देशमानेने बॉक्ससोबत पंधरा दिवसांच्या रजेचा अर्जही साहेबांपुढे ठेवला. बायकोचं सिझेरियन झालेलं, घरात तिसरं मोठं माणूस नाही. साहेबांनी अर्धा पेढा खाल्ला आणि उरलेला अर्जावरच ठेवला.

"दूध तू पाजणार आहेस का रे?"

सगळे हसले. मीही हसलो, तोंडात पेढा होता म्हणून जरा बेतानं.

"साहेब, तिला उठवून बसवायला तरी कोणी हवं ना," देशमाने म्हणाला.

"आम्ही बारशालाच पोराचं तोंड पाहिलं. अडलं का आमचं काही?"

साहेबांच्या डोक्यावर 'आपण सारे एक कुटुंब' अशी पाटी आहे. त्या कुटुंबात जन्माचं स्वागत असंच होतं: पेढा खाऊन अर्ज परत. 'मार्चनंतर पाहू' असा शेरा घेऊन अर्ज आला, तेव्हा पेढ्याचं तूप कागदात मुरलं होतं. देशमानेने घडी घालून तो खिशात ठेवला आणि तो जागेवर जाऊन बसला.

मला मुलगी झाली तेव्हा मी तिसऱ्या दिवशी कामावर हजर होतो. साहेबांनी पाठ थोपटली होती. काम कोणतं होतं, ते आता आठवत नाही. बायकोला मात्र ते दिवस एकेक करून आठवतात. गेल्या रविवारी तिला ताप होता. मी पाण्याचा पेला नेऊन दिला, तर म्हणाली, "राहू द्या, ऑफिसला उशीर होईल."