युसूफची उलटी गिटार

२००१ चा उन्हाळा. भर दुपारी मी ब्रह्मपुरीत युसूफच्या घरी पोचलो... त्याची गिटार उचलून न्यायला. त्याच्या अम्मीनंच बोलावलं होतं.

युसूफ माझा कॉलेजातला मित्र. आम्ही दोघांनी मिळून ती नागपुरातून आणली होती, दुकानातली सगळ्यात स्वस्त इलेक्ट्रिक गिटार. तारा इतक्या उंच की दाबताना बोटं सोलून निघायची, आणि एक गाणं संपेपर्यंत सूर उतरलेला.

मी लवकरच नाद सोडला. युसूफनं नाही सोडला. खालच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात, त्या ब्रिजचे स्क्रू फिरवून त्यानं तारा खाली आणल्या. वरच्या टोकाला तारा ज्या प्लॅस्टिकच्या पट्टीत बसतात, तिच्या खाचा कानशीनं घासून खोल केल्या. घरातला जुना टेपरेकॉर्डर त्याचा अँप्लिफायर झाला... आणि तीच गिटार घेऊन तो सिंदेवाही, चिमूरकडच्या लग्नांत ऑर्केस्ट्रात वाजवायला लागला.

पोटासाठी मात्र राइस मिलमध्ये काम करायचा. त्याच वर्षीच्या हंगामात मशीनच्या पट्ट्यात त्याचा डावा हात सापडला. अंगठा तेवढा वाचला. तारा दाबणारी चारही बोटं गेली.

दवाखान्यात तो रडला नाही. घरी आल्यावरही नाही. नुसता भिंतीवरच्या गिटारकडे पाहत बसायचा... ताट तसंच परत जायचं.

अम्मी दारातच हळू म्हणाल्या, "घेऊन जा बाबू. त्याच्या डोयासमोर नको आता ते."

मी खिळ्यावरून गिटार काढली, तसा मागून युसूफचा आवाज आला. "कुठी घेऊन चालला?"

खोटं बोलायला सुचलंच नाही. "माह्या घरी. तुले पाहून त्रास होते न..."

"मले विचारलं काय कोणी?" तो म्हणाला. "ठेव इथी. तारा काढ साऱ्या अन् उलट्या लाव. दाबाचं काम उजव्या हातानं करतो. डाव्याचा अंगठा आहे न, त्यानं छेडीन."

तो सांगत गेला, मी करत गेलो. जाड तार बारीक तारेच्या खाचेत बसेना, पुन्हा कानस चालवावी लागली. शेवटी सूर लावून मी गिटार त्याच्या मांडीवर उलटी ठेवली.

मोकळ्या तारांवर अंगठा फिरला, तेव्हा आवाज छान आला. मग त्यानं उजव्या हातानं तीन तारा एकत्र दाबून पहिली कॉर्ड धरली... नुसती थडथड. ज्या हातानं कधी तार दाबलीच नव्हती, त्याला काहीच येत नव्हतं. त्यानं पुन्हा धरली. पुन्हा तेच.

आणि युसूफ हुंदके देऊन रडायला लागला.

मी घाबरून गिटार घ्यायला पुढे झालो, तर अम्मींनी माझा दंड धरला. "राहू दे. रडू दे त्याले. इतक्या दिवसांत रडलाच नाई तो."

संध्याकाळी त्यानं स्वतःहून भाकर मागितली.

ऑर्केस्ट्रात दुसरा गिटारवाला आला. युसूफ पुन्हा कधी स्टेजवर चढला नाही. रोज बसायचा, पण पहिल्यासारखं वाजवणं त्याला नाहीच जमलं... खोटं कशाला सांगू.

अम्मी आता नाहीत. पण दुःखात बसलेल्या माणसासमोरून काही उचलायचं तर आधी त्यालाच विचारावं, हे मला त्या घरानं शिकवलं... त्या दोघांचे उपकार आहेत माझ्यावर.