चीत झाल्यानंतरचा हात

रस्त्यावर अनोळखी माणसाने मनगट धरले, तर तालमीत शिकलेली कुस्ती ते मनगट सोडवते का? हा प्रश्न मी गेल्या वर्षी एका वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. मी गणित शिकवतो. उत्तर माहीत असल्याचा आव आणणाऱ्या माणसांपेक्षा पायऱ्या दाखवणाऱ्या माणसांवर माझा अधिक विश्वास बसतो, आणि या प्रश्नाबाबत मला पायऱ्या दाखवणारा कोणीच भेटला नव्हता.

प्रश्न माझ्या मुलीचा होता. ती अकरावीत होती. नांदूरघाटहून एसटीने केजला जायची, स्टँडपासून कॉलेजपर्यंत वीस मिनिटे चालायची आणि दुपारी त्याच वाटेने परतायची. दिवाळीनंतर तिने आईला सांगितले की एक माणूस मोटारसायकल हळू करून तिच्या बाजूने येतो, काही बोलत नाही आणि चौकात वळून निघून जातो. असे तीनदा झाले होते. तिच्या आईने त्याच संध्याकाळी आपले मत दिले. मुलीने हे वर्ष कसेबसे पुरे करावे आणि पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी बाहेरून द्यावी. घरी बसून अभ्यास होतो, असे ती म्हणाली. मुलीने ताट सरकवले आणि ती उठून गेली.

मुलगी सहा वर्षांपासून गावातल्या तालमीत जात होती. मुलींची वेळ सकाळची. ही तालीम मातीची आहे. हौदातल्या लाल मातीत तेल, हळद आणि ताक मिसळलेले असते. ती भाकरीच्या पिठासारखी मऊ होते आणि पडणाऱ्याला झेलते. तिच्या वस्तादांनी ही हकीकत ऐकली आणि हसून हात झटकला.

"पोरीच्या अंगाला हात लावायची कोणाची टाप न्हाई, गुरुजी. तुमी बिनघोर झोपा."

मी बिनघोर झोपलो नाही. ज्या विधानाला एकही अट नसते, त्या विधानाचा मला संशय येतो. मी फोनवर अशा झटापटींचे व्हिडिओ पाहू लागलो. कुठे जुदो होता, कुठे जमिनीवर लोळून हात अडकवण्याची ब्राझीलची विद्या. प्रत्येक व्हिडिओत हल्लेखोर एकटा होता, मोकळ्या हाताने आला होता आणि धरल्यानंतर पुढचा डाव होईपर्यंत शांतपणे थांबत होता. शाळेच्या स्नेहसंमेलनातला खलनायकही याहून अधिक धडपड करतो. जमीन सगळीकडे गादीची होती. केजच्या रस्त्यावर गादी नाही.

म्हणून मी स्वतः प्रयोग करायचे ठरवले. बायकोला पंधरा दिवस मागितले. त्या काळात मी शाळेत रजा टाकून सकाळी मुलीला कॉलेजपर्यंत सोडत होतो आणि दुपारी घ्यायला जात होतो. तो माणूस एकदाही दिसला नाही, आणि यावरूनही मी काही निष्कर्ष काढला नाही. बाप सोबत असताना तो दिसणार तरी कसा?

आणखी एक अडचण होती. दिवाळीनंतर आमच्याकडची निम्मी घरे ऊसतोडीला जातात. मुलीच्या वजनाच्या दोन्ही मुली आईबापांबरोबर कारखान्यावर गेल्या होत्या. तिला जोडीदार उरला नव्हता. तेव्हा हल्लेखोराचे काम माझ्याकडे आले.

पहिला प्रयोग शाळेच्या मैदानावर, मुरमाच्या कडक जमिनीवर झाला. तिने रोजचे कपडे, रोजचे बूट घातले होते आणि पाठीवर पुस्तकांची बॅग घेतली होती. मी "धरतो" असे सांगून उजवे मनगट धरले. तिने माझ्या अंगठ्याच्या बाजूने हात फिरवून तो क्षणात मोकळा केला. बॅग मात्र खांद्यावरून घसरून कोपरापर्यंत आली आणि डाव मारताना ती आडवी आली. मी वहीत लिहिले: पकड सुटते, बॅग आधी टाकावी लागते. हे वस्तादांनी सांगितले नव्हते. हौदात कोणी बॅग घेऊन उतरत नाही.

मी असेच आठ प्रयोग केले. मागून धरले, दोन्ही हात धरले, ओढणी धरली. आठव्या वेळी ती वैतागली.

"बाबा, तुमी सांगून धरता," ती म्हणाली. "तो सांगून धरणार हाय का?"

आक्षेप बरोबर होता. कुस्तीत आधी सलामी होते, हात मिळतात, मग झुंज सुरू होते. माझ्या सगळ्या प्रयोगांत 'धरतो' हा शब्द सलामीचे काम करत होता. त्यामुळे नववा प्रयोग मी न सांगता केला. ती अंगणात वाकून बादलीत कपडे पिळत असताना मी मागून जाऊन तिचे मनगट धरले. ती प्रथम दचकली. तो क्षण मला फार लांब वाटला. मग तिने माझा हात आपल्या बगलेत ओढला, कंबर आत घातली आणि ढाक मारली. ढाक म्हणजे समोरच्याला आपल्या कमरेवरून पलीकडे टाकण्याचा डाव. मी अंगणातल्या शहाबादी फरशीवर पाठीवर पडलो. श्वास अडकला. तिने लगेच मला सोडले, हात पुढे केला आणि ओढून उठवले. ओसरीवरून तिची आई म्हणाली की आता माझ्या पाठीलाही रजा टाकावी लागेल. आम्ही तिघेही हसलो.

वहीत मी लिहिले: न सांगता धरले तरी डाव बसतो. त्यापुढे बरोबरची खूण केली आणि मुलीला एकटे जाण्याची परवानगी दिली.

त्यानंतर अकराव्या दिवशी, भर दुपारी, कॉलेजहून स्टँडकडे येताना त्या माणसाने मोटारसायकल बाजूला लावली आणि तिचे मनगट धरले.

मला केजहून फोन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गात होतो. मी दवाखान्यात पोहोचलो, तोवर तिच्या डाव्या मनगटाला प्लास्टर चढत होते. माणूस पळून गेला होता. आम्ही तक्रार दिली. पुढे तो सापडला आणि त्याचे जे व्हायचे ते होत आहे. तो या लेखाचा विषय नाही.

मुलीने जे सांगितले ते थोडक्यात असे. त्याने धरले. तिने बॅग टाकली, ढाक मारली, तो पाठीवर आपटला. मग तो उठला, झटापट झाली आणि ती रस्त्याकडेच्या सिमेंटच्या कठड्यावर पडली. दोन दिवसांत ही हकीकत गावभर झाली आणि प्रत्येक घरात तिचा आकार वाढला. एका ठिकाणी हल्लेखोर दोन झाले होते, दुसऱ्या ठिकाणी चार. बायकोने मात्र आकडा विचारला नाही. सतरा नंबरचा फॉर्म कधी निघतो, एवढेच विचारले, आणि मुलीचे कॉलेज थांबले.

मला मुलीच्या सांगण्यात एक पायरी गाळलेली दिसत होती. ज्याची पाठ डांबरी रस्त्यावर आपटली आहे, तो माणूस उभ्या असलेल्या, हालचालीत चपळ अशा मुलीपर्यंत पोहोचला कसा? मी स्वतः त्या ढाकीने पडलो होतो. पुढचा काही वेळ मला माझे नावही सांगता आले नसते. मी तिला दोनदा विचारले. दोन्ही वेळा ती "झालं तसंच" म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली. ती खोटे बोलत नव्हती, पण काहीतरी राखून बोलत होती, असा मला संशय आला.

जिथे हे घडले तिथे एक फळवाले चाचा गाडा लावतात. त्यांनीच तिला रिक्षात बसवून दवाखान्यात नेले होते. त्यांचे आभार मानायचे होतेच. मी रविवारी गेलो. त्यांनी स्टूल दिले, पपईची फोड दिली आणि सगळे सांगितले. आरडाओरडा ऐकून ते धावले तेव्हा पपई कापायची सुरी हातातच राहिली होती. त्या माणसाला वाटले की ती त्याच्यासाठीच आणली आहे, आणि तो गाडी सोडून पळाला. हे सांगताना ते हसले. मग मी माझी शंका विचारली. चाचांचे हसणे थांबले.

"सर, बच्चीनं त्याला असा फेकला की म्या म्हनलं आता ह्यो दोन दिस उठत न्हाई," ते म्हणाले. "मग तिनं काय केलं, त्याला उठवायला हात दिला. त्यानं त्योच हात धरला अन् खेचली तिला. कावून दिला असंल हात?"

का दिला असेल, हे मला तिथेच, स्टुलावर बसल्या बसल्या समजले. येथे कुस्तीचा एक रिवाज सांगितला पाहिजे. मातीतल्या कुस्तीत प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लागली की तो चीत होतो आणि कुस्ती संपते. जिंकणारा त्याच क्षणी पकड सोडतो, हात देऊन त्याला उठवतो आणि त्याच्या पाठीवरची माती झटकतो. माझ्या मुलीने हे सहा वर्षे, रोज सकाळी केले होते. अंगणात मला पाडल्यावरही तिने तेच केले होते. मी तो हात धरून उठलो होतो, हसलो होतो आणि वहीत बरोबरची खूण केली होती. माझ्या नोंदीत पाठ जमिनीला लागली तिथे प्रयोग संपत होता. रस्त्यावर तो तिथे संपत नाही, हे तपासायचे काम माझे होते.

परतताना मी तालमीत गेलो. मनात राग होता आणि तो मी वस्तादांवर काढला. तुमच्या कुस्तीने मुलीचा हात मोडला, असे म्हणालो. ते हौदाच्या कडेला बसून माती चाळत होते. त्यांनी चाळणी खाली ठेवली.

"गुरुजी, चीत झालेल्या गड्याला जो हात देत न्हाई, त्याला म्या हौदातून हाकलून देतो," ते म्हणाले. "पोरीनं माझंच ऐकलं."

मग ते हळू आवाजात म्हणाले की हा नियम हौदापुरताच. त्यांच्या विधानाला पहिल्यांदाच अट लागली होती, आणि ती लावताना त्यांना यातना होत होत्या हे दिसत होते.

प्लास्टर निघाल्यावर, आणि डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम पुरे झाल्यावर, वस्ताद स्वतः आमच्या अंगणात आले. फरशीवर दोन जुन्या गाद्या टाकल्या. डाव तोच ठेवायचा, पण त्यानंतर सोडायचे, तीन पावले मागे जायचे, वळायचे आणि माणसांकडे पळायचे. माणसांचे काम तिच्या आईला दिले. ती ओसरीवर उभी राहायची. मुलीने तिला हात लावला की प्रयोग पूर्ण. आईला हे सारे पटलेले नव्हते. ती हाताची घडी घालून उभी राहिली.

वस्तादांनी आधी स्वतः करून दाखवले. त्यांनी मला अलगद गादीवर टाकले, सोडले, आणि त्यांचा उजवा हात माझ्यापुढे आला. ते त्या हाताकडे बघत राहिले. मुलीला हसू आवरेना.

"हसू नको गं," वस्ताद म्हणाले, आणि मग स्वतःच हसले. "चाळीस वर्षांची सवय हाय. ह्यो हात माझं ऐकत न्हाई."

मुलीचा हातही ऐकत नव्हता. पहिल्या दिवशी तो प्रत्येक वेळी पुढे आला. दुसऱ्या दिवशी अर्ध्यावर थांबू लागला. त्या संध्याकाळी तिने प्रथमच कबूल केले की केजमध्ये तिने हात दिला होता. "लाज वाटली म्हणून सांगितलं नाही," ती म्हणाली. मी तिला माझी वही दाखवली आणि नवव्या प्रयोगापुढची खूण तिच्यासमोर खोडली. चूक आधी माझ्या वहीत झाली होती, हे तिला कळणे आवश्यक होते.

तीन आठवडे आम्ही हे रोज करत होतो. मग मी मुद्दाम थांबलो. दहा दिवस काहीच केले नाही, गाद्या आत नेऊन ठेवल्या. अकराव्या दिवशी सकाळी ती दाराबाहेर सायकल पुसत असताना मी मागून मनगट धरले. ढाक बसली. मी मातीत पाठीवर पडलो. पकड सुटली, पावलांचा आवाज आला, आणि ओसरीवर परात घासत असलेल्या आईच्या खांद्याला तिने हात लावला. मी पडून होतो. मला उठवायला कोणी आले नाही. दोघी मायलेकी ओसरीवरून माझ्याकडे बघत होत्या. मी आपला आपण उठलो आणि पाठ झटकली.

बायकोने परात पालथी घातली. सोमवारी डबा किती वाजता लागेल, असे तिने मुलीला विचारले. सतरा नंबरच्या फॉर्मचा विषय त्यानंतर आमच्या घरात निघाला नाही. मुलगी आता बारावीत आहे आणि त्याच रस्त्याने जाते. सकाळी हौदात चीत झालेल्या मुलीला ती पूर्वीसारखाच हात देते. वस्ताद ते बारकाईने पाहतात.

माझा संशय पूर्ण फिटलेला नाही, आणि तो फिटला असे मी लिहिणार नाही. कुस्तीने पकड सुटते, हे मी पाहिले. दोन माणसे असतील तर काय, हातात शस्त्र असेल तर काय, हे मी तपासलेले नाही. तिथे डाव न खेळता आधीच पळावे, असे वस्ताद म्हणतात आणि मला ते पटते. शिवाय बापाचा हात मुलीला ओळखू येतो. माझ्या शेवटच्या प्रयोगातही ही त्रुटी आहेच.

म्हणून वाचकांना एक विनंती करतो. माझ्यावर विश्वास ठेवू नका, वस्तादांवर नको आणि फोनवरच्या व्हिडिओंवर तर मुळीच नको. तुमच्या घरातले कोणी कुस्ती, जुदो किंवा असे काही शिकत असेल, तर त्यांच्या संमतीने, रोजच्या कपड्यांत, बॅगेसह, खाली गादी टाकून आणि एखाद्या वेळी न सांगता, तुम्ही स्वतः तपासून पाहा. आणि तुम्ही पडल्यानंतर त्यांचा हात कुठे जातो, तेही नोंदवा.