दादाच्या नावाची चिठ्ठी

माझ्या थोरल्या भावाने मला फसवले, आणि आम्ही दोघांनी मिळून वहिनीला. एवढे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना कोणी मला भला माणूस समजणार नाही. वहिनी जाऊन सहा आठवडे झाले. बातमी आली तेव्हा मी कारखान्यात एका गाडीवाल्याशी चाकांच्या जोडीवरून हुज्जत घालत होतो. आमचा म्हातारा सुतार दारातूनच म्हणाला, "शेठ, समोरच्या वहिनी गेल्या." समोरच्या... रस्ता ओलांडला की दादाचे घर. तो रस्ता मी बारा वर्षे ओलांडला नव्हता.

पनवेलात बैलगाडीची चाके करणारे पुष्कळ. आम्ही दोघांनी धंदा मांडला तेव्हा आमच्यापाशी एक करवत, एक तासणी आणि माझी जीभ एवढेच भांडवल होते. लाकडाचा भाव मी ठरवायचा, गिऱ्हाईक दादाने सांभाळायचे. कर्नाळ्याच्या बाजूचे ठेकेदार माझा आवाज ऐकून आधीच दोन पायऱ्या खाली यायचे. त्याच सुमारास वहिनी या घरात आली. उरणची, एका कंपाउंडरची मुलगी. आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला वीस-बावीस पाने व्हायची आणि कोण कुठे बसणार यावरून दरवर्षी रुसवे. एका मेहुण्याला मोरीजवळचा पाट आला, तर तो वर्षभर आमच्याशी बोलला नाही. वहिनीने वडिलांच्या डॉक्टरांकडे एका मेजवानीत टेबलावर नावांच्या चिठ्ठ्या पाहिल्या होत्या. तिने जुन्या लग्नपत्रिका कापल्या, छपरासारख्या दुमडल्या, कोपऱ्यात कुंकवाच्या पाण्याने एकेक कुयरी काढली आणि नावे लिहून त्या पाटांपुढे मांडल्या. वाऱ्याने उडू नयेत म्हणून आत एक सुपारी. जेवण झाले की तीच सुपारी विड्याला. रुसवे थांबले. लिहिलेल्या नावाशी कोण भांडणार?

फक्त एका चिठ्ठीपाशी तिचे अडायचे. नवऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही ही रीत तेव्हा सगळ्यांच्याच घरी होती. वहिनी ते हातानेही घेत नसे. मग पाडव्याच्या सकाळी माझ्यापुढे टाक-दौत यायची. "भाऊजी, ह्यांचं तेवढं लिहून द्या." मी चौथीत शाळा सोडलेला. माझे अक्षर म्हणजे वाळत घातलेले बोंबील. ती ते न्याहाळायची आणि म्हणायची, "असू दे. नाव तर पोचलं." चिठ्ठ्या मांडताना दादाची आणि माझी कायम शेजारी.

मग दुकानाची पाटी झाली. तिच्यावर 'बंधू' असा शब्द येणार, हे आम्ही दोघांनी ठरवले होते. मी लाकडासाठी आठ दिवस गावाबाहेर होतो. परत आलो तर पाटीवर दादाचे नाव, त्याखाली 'आणि पुत्र'. पुत्र तेव्हा पाळण्यात होता. मी विचारले, तर दादा म्हणाला की रंगाऱ्याला घाई होती. मी त्याच दिवशी निघालो आणि समोरच माझा कारखाना काढला. कसा काढला ते माझ्या हातांना ठाऊक.

त्या वर्षीच्या पाडव्याला वहिनी स्वतः रस्ता ओलांडून आली. हातात कोरी चिठ्ठी आणि टाक. चार गिऱ्हाइके बसली होती. मी म्हटले, "पाटीवर स्वतःचं नाव घालून घेता आलं ना? मग चिठ्ठीवरही त्यालाच लिहू दे." ती "बरं" म्हणाली. चिठ्ठी पदराखाली घेतली आणि गेली. पुन्हा कधी आली नाही.

यंदा श्रावणात ती बाजारात दिसली. खूप वाळली होती. म्हणाली, "भाऊजी, चिठ्ठी आता फाटत आलीय." कसली चिठ्ठी, हे मी विचारले नाही. नारळवाला दोन पैसे सोडत नव्हता, मला तिकडे घाई होती...

तेरावा झाल्यावर पुतणी शालू बिस्किटांचा एक डबा घेऊन आली. आईने तुम्हाला द्यायला सांगितलं होतं, म्हणाली. आत चिठ्ठ्यांचा गठ्ठा. सगळ्यात वर माझे बोंबील. हळदीचे डाग पडलेली, दुमडीवर फाटलेली, मागून खळीने कापड चिकटवलेली ती एकच चिठ्ठी.

"दर पाडव्याला हीच," शालू म्हणाली. "मी नवी लिहिते म्हटलं की आई नको म्हणायची."

"आणि दादा?"

"बाबा काही बोलत नसत. जेवण झालं की स्वतः उचलून डब्यात ठेवायचे."

ती गेल्यावर कारखाना लवकर बंद केला. डबा गल्ल्याशेजारी आहे. चिठ्ठीखाली एक सुपारी ठेवली आहे, वारा येवो न येवो.

दादा, वर्तमानपत्राची ही पुरवणी तू वाचतोस, मला माहीत आहे. पाटी रंगवायला तुला रंगारी तत्काळ मिळाला. मग स्वतःचे नाव एका कागदाच्या तुकड्यावर लिहायला बारा वर्षांत टाक मिळाला नाही? माझे अक्षर समोर ठेवून जेवत होतास, तर माझा पाट रिकामा आहे हे एकदाही बोलला का नाहीस? ती दोघांना एका पंगतीत बघायची राहिली. माझ्या वाट्याचे मी वर लिहिले आहे, त्यात घासाघीस नाही. तुझ्या वाट्याचे तू सांग. पाडव्याच्या आत, रस्ता ओलांडून, माझ्या तोंडावर.