आमच्या गच्चीवरचा चुना

इतकी वर्षं झाली, तरी चुना मारलेली गच्ची दिसली की माझं डोकं फिरतं. आणि नागपुरात तर उन्हाळा लागायच्या आधी घरोघरी गच्चीला चुना मारतात, घर जरा थंड राहावं म्हणून. म्हणजे माझं डोकं दरवर्षी फिरतं. लेक म्हणते, आई, आता तरी सोड ना. नाही सोडत. का सोडू? आधी सगळं ऐका, मग मला सांगा.

आम्ही घर बांधलं तेव्हा आज ज्याला मनीषनगर म्हणतात तिकडे नुसती वावरं होती. विजेचे खांब रेल्वेच्या रुळापर्यंत येऊन थांबले होते. रुळाच्या पल्याड आम्ही. वीज कचेरीतले म्हणायचे, आधी घरं होऊ द्या, मग खांब देऊ. प्लॉटवाले म्हणायचे, आधी खांब येऊ द्या, मग घरं बांधू. आमचे हे कचेरीत जाऊन बसायचे, चहा पिऊन परत यायचे. कंदिलाच्या काचा पुसून पुसून माझी बोटं काळी झाली. सरपण ओलं असलं की धुरानं डोळे जायचे ते वेगळं.

अशात एकदा शहरात सरकारी प्रदर्शन लागलं. सूर्यावर चालणाऱ्या वस्तू. बाया सगळ्या सूर्यचुलीभोवती, वरण शिजतं की नाही ते पाहायला. मी मात्र पाणी तापवायच्या पेटीपाशी उभी राहिले ती हललेच नाही. तिथला साहेब माहिती देत होता. गंमत पाहा, प्रश्न मी विचारायची आणि उत्तर तो यांच्याकडे तोंड करून द्यायचा. हे माना डोलावत होते. डोक्यात काही शिरत नव्हतं, पण मान डोलत होती.

घरी आल्यावर मी पत्रेवाल्याला बोलावलं. लाकडाची उथळ पेटी, आत काळा रंग मारलेला पत्रा, त्यावर काळ्या नळ्या, वरून काच. पेटी दक्षिणेला तोंड करून तिरपी ठेवली. तिच्यापेक्षा उंचावर टाकी, आणि टाकीभोवती धानाचा कोंडा ठासून भरला, तापलेलं पाणी निवू नये म्हणून. तापलेलं पाणी आपलं आपण वर चढतं, थंड खाली येतं. पंप नको, काही नको. विहिरीच्या बादल्या मी गच्चीवर नेऊन ओतल्या. दुपारी नळाखाली हात धरला आणि चटका बसून मागे घेतला. बाई, त्या चटक्याचा आनंद काय सांगू! पुढे त्या सरकारी योजनेतच उन्हावर वीज करणारी निळ्या काचेची एक पाटीही मिळाली. तिच्या तारा ट्रकच्या जुन्या बॅटरीला जोडल्या आणि घरात दोन छोट्या ट्यूब लागल्या.

मग लोक पाहायला यायला लागले. हे पुढे होऊन दाखवायचे. "आमी सूर्यावर घर चालवून राहिलो गा!" मी चहा ठेवायची. चालू द्या म्हटलं, माणूस खुशीत आहे.

त्याच वर्षी लेकीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे ठरलेलं. पण विहीणबाई पडल्या भर शहरातल्या धंतोलीच्या. घराच्या चारी बाजूंना दवाखाने, घरात विजेचा गिझर. त्या मला म्हणाल्या, "अहो, अंधारात का बाळंतीण ठेवायची? शेकायला, अंघोळीला दोन वेळा कढत पाणी लागतं. ते कुठून आणणार तुम्ही?"

मी म्हटलं, "या जेवायला. नळाखाली हात धरून पाहा. पटलं तर लेक ठेवून जा."

"पटलं तर ठेवते," त्या म्हणाल्या. "शब्द."

शिमग्याला मी कामठीला भावाकडे गेले. तिकडे माझी वहिनी आजारी होती, म्हणून जरा जास्त राहिले. परत आले ती पाहुणे यायच्या दिवशी सकाळच्या बसनं, आणि आल्या आल्या चुलीपाशी बसले. पाटवड्यांचा रस्सा, वडाभात, विहीणबाईंना आवडतो म्हणून श्रीखंड. गच्चीवर एक चक्कर टाकते म्हटलं, तर हे म्हणाले, "तू कायले चढतं वं आता? मी पाह्यलं ना सगळं." मीही ऐकलं.

दुपारी रिक्षा आली. लेक उतरली ती हातात बॅग घेऊनच. कपडे भरूनच आली होती पोर! माझ्याकडे पाहून हसली. मला वाटलं, झालं, आता ही इथेच.

विहीणबाई पाय धुवायला न्हाणीत गेल्या. मी मागेच टॉवेल घेऊन उभी. त्यांनी नळ सोडला, हात धरला, आणि धरूनच ठेवला.

"विहीणबाई, हे तर विहिरीचंच पाणी आहे हो."

मी हात लावला. गारढोण. घरात जाऊन ट्यूबचं बटण दाबलं. ट्यूब नुसती लालसर झाली आणि विझली.

"तुमचा सूर्य सुट्टीवर गेला वाटतं," त्या म्हणाल्या आणि हसल्या. आता ऐका. माझे हे, ज्यांनी अख्ख्या गावाला गच्ची दाखवली होती, तेही त्यांच्याबरोबर हसले. म्हणाले, "मी तर आधीपासूनच म्हणून राहिलो. हिचंच खूळ आहे ते."

माझं खूळ! चालत होतं तेव्हा "आमी", आणि बंद पडलं की "हिचं".

मी तशीच गच्चीवर गेले. काय पाहते, तर सगळं पांढरं! गच्ची पांढरी, कठडा पांढरा, माझी पेटी पांढरी, निळी पाटी पांढरी. चुन्यात डिंक घालून जाड दोन हात मारलेले. मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून ओरडले, "अजी, हे काय करून ठेवलं?"

हे खालून म्हणाले, "अवं, पाहुणे येनार म्हणून मारून घेतला. घर थंड राहते."

"पेटीवर काहून मारला?"

"लई तापून राहिली होती ते! माझा हात भाजला. काच तडकली असती ना."

तापत होती म्हणून चुना मारला. पाणी तापवायच्या पेटीला! पाटीला का, तर म्हणे तीही चमकून डोळ्यांवर येत होती. मी नव्हते तेव्हा दिवे मंद झाले, तर यांनी ठरवलं बॅटरी म्हातारी झाली. वर जाऊन पाहावं, बायकोला विचारावं, काही नाही. ज्या गच्चीवर मी बादल्या वाहिल्या ती गच्ची यांची, आणि त्यावर काय करायचं ते हे ठरवणार.

चिंचेचा कोळ आणि नारळाची शेंडी घेऊन मी काच घासायला बसले. खाली पाहुणे जेवत होते आणि हे श्रीखंडाचा आग्रह करत होते. वर माझे हात चुन्यानं चरचरत होते. काच स्वच्छ झाली तशी खाली आले आणि म्हटलं, "विहीणबाई, चारपर्यंत थांबा. नाही तापलं तर घेऊन जा तिला."

"रिक्षा उभी आहे हो. आणि मी तर पाहिलं ना हात धरून? शब्द झाला होता आपला."

लेक म्हणाली, "मी थांबते ना चारपर्यंत. सासूबाईंनी पुढे जावं."

"बॅग घे," विहीणबाई म्हणाल्या. एवढंच. लेकीनं यांच्याकडे पाहिलं. यांनी एक शब्द बोलायचा होता. थांबू द्या, एवढाच शब्द. तर हे पान लावत होते.

रिक्षा गेली. चारला मी नळ सोडला. पाणी असं आलं की हात धरवेना. बादली भरून यांच्यापुढे आणून आदळली.

"घ्या. करा अंघोळ."

"आता? या वेळेले?"

"का? सूर्यावर घर चालवून राहिले ना तुम्ही?"

बाळंतपण धंतोलीलाच झालं. मी रोज बसनं जायची. तिथे मला खुर्ची दिली होती. पोराला न्हाऊ घालायला त्यांनी बाई लावली होती. पहिल्या नातवाच्या अंगावर पाणी माझ्या हातानं पडलं नाही. त्यांची बाई न्हाऊ घालायची आणि मी पर्स मांडीवर घेऊन पाहायची.

बारशाला सगळं गणगोत जमलं होतं. कोणीतरी विचारलं, माहेरी काहून नाही केलं बाळंतपण? विहीणबाई गोड आवाजात म्हणाल्या, "अहो, त्यांच्याकडे लाइट नाही ना."

मी उभी राहिले. "लाइट आहे," मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "कढत पाणीही आहे. तापलेल्या पेटीला चुना मारणारा माणूसही आहे, तो बसलाय तिकडे पेढा खात. पाहून घ्या."

सगळे यांच्याकडे वळले. यांनी पेढा तोंडातच धरून ठेवला. लेक पाळण्याशी उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती, ते मी तिला अजून विचारलेलं नाही. विहीणबाईंनी पेढ्यांचं ताट माझ्यापुढे धरलं.

मी पेढा घेतला नाही. पाळण्याशी गेले, पोराला उचललं आणि जेवणाची पानं मांडली तरी खाली ठेवलं नाही.