व्याह्यांनी दिलेलं वतन

उझबेक भाषा येणारा नगर जिल्ह्यातला एकमेव माणूस आमचा व्याही आहे, हे मी आता छाती फुगवून सांगतो. वर्षभरापूर्वी मात्र ते समोरून येताना दिसले की मी गल्ली बदलत असे. आम्हा दोघांची लाडकी नात डॉक्टर व्हायला समरकंदला गेली आणि भूमी अभिलेख कचेरीतून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी थेट उझबेकच शिकायला घेतली. मोबाईल कानाशी, वही मांडीवर. देशाला तिकडे काय काय म्हणतात, यावर पानंच्या पानं भरली. 'युर्त' म्हणजे देश हे कळलं, त्या सकाळी भिंगारच्या बाजारात मेथीवाल्या बाईला विचारलं, "तुमचं युर्त कंचं?" बाई म्हणाली, "आज न्हाई आलं. मेथी घ्या." मला गाठून सांगायचे, "पाव्हनं, गंमत बगा. आपली दौलत म्हंजे पैसाअडका, तिकडं दौलत म्हंजे सरकार! आपला मुलूख म्हंजे प्रांत, तिकडं मुल्क म्हंजे मालमत्ता!"

एका शब्दाशी मात्र ते अडायचे. वतन. तिकडे त्याचा अर्थ मायभूमी. आमच्या दोन्ही घराण्यांत वतन म्हणजे गावकीची वेठ. कोरभर भाकरीसाठी आज्या-पणज्यांनी गावाची पडेल ती कामं करायची. हा शब्द घरात कुणी प्रेमानं उच्चारलेला मी कधी ऐकला नव्हता.

या सुट्टीत नातीबरोबर तिची तिकडची मैत्रीण दिलनोझा आली. व्याह्यांची फजिती बघायला अख्खी गल्ली दारात जमली. एवढी माणसं बघून पोरगी बावरून उंबऱ्यातच थबकली. व्याही इस्त्रीचा सदरा घालून पुढे झाले, घसा खाकरला आणि म्हणाले, "बु हाम सेनिंग वतनिंग, किझिम."

मग दिलनोझानं छातीवर हात ठेवून मान लववली आणि डोळे पुसत भराभर बोलत सुटली. नात अर्थ सांगायला गेली, तर यांनी तिला हातानंच थांबवलं. "कळतंय मला." आणि चक्क उत्तरं देत राहिले! गल्लीनं टाळ्यांचा कडकडाट केला. सगळ्यांत जोरात मी.

संध्याकाळी ओट्यावर बसल्यावर मी विचारलं, "तिला म्हणालात तरी काय?"

"म्हनलं, हे बी तुजंच वतन हाय, पोरी."

त्यांनी मांडीवरची वही मिटून बाजूला ठेवली.

"आमच्या आज्याला सांगाया पायजे हुतं, पाव्हनं. त्याच्या नातवानं आज कुनाला तरी वतन दिलं."