निळ्या दाराचा हुकूम

रताळी उकडून झाली होती, दुधाच्या चहाला नुकती उकळी फुटत होती, तेवढ्यात दारावर थाप पडली. वर्तमानपत्रातून मान न काढता ओगोला बायकोला म्हणाला, "ऊठ, बेलीफबाई. आपलं दार सकाळी वाजलं की समजावं, किसुमूत कुणाचं तरी दार गेलं!"

खरंच गेलं होतं. बाहेर अजवांग उभी होती. किसुमूतल्या न्यालेंडा वस्तीत एका खोलीत राहून ती शिवणकाम करते. घरमालक ओमुगाला ती खोली पाडून माडी चढवायची होती. बाई हलेना, म्हणून सोमवारी त्याने तिचं दारच काढून नेलं. तेव्हापासून ती मशीनला राखण बसली होती.

"तयार कपडे पोचवायलाही जाता येत नाही, अपोंडीताई. आज शेजारीण बसलीय म्हणून आले," असं म्हणत तिने पिशवीतून कोर्टाचा मनाई हुकूम काढला. त्यात लिहिलं होतं, आज सूर्यास्ताच्या आत दार जागेवर बसवावं आणि निकाल लागेपर्यंत खोलीला हात लावू नये. पण हुकूम बजावायला गेलेले दोन बेलीफ हात हलवत परतले होते. मालक म्हणे गावाला गेलेत.

हुकूम फाटकावर डकवला तरी कायद्याला चालतं. अपोंडीला चालत नसे. "डकवलेला कागद शेळी खाते," असं ती म्हणायची. बावीस वर्षांत 'इसम सापडला नाही' असा शेरा तिने एकदाही लिहिला नव्हता.

"पोलीस तरी घेऊन जा," ओगोला म्हणाला.

"पोलीस दिसला की माणूस कुंपण ओलांडतो. बाई दिसली की स्टूल पुढे करतो." चहा तसाच ठेवून तिने कोर्टाचा बिल्ला लावला, हुकूम घेतला आणि ती निघाली.

झालंही तसंच. साठीचा ओमुगा आपल्याच अंगणात आंब्याखाली बसला होता. त्याने स्टूल पुढे केलं, मग बिल्ला दिसताच दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"दार? ते सुताराकडे दिलंय दुरुस्तीला."

अपोंडीने अंगणाच्या कोपऱ्यात पाहिलं. खुराड्याला एक निळं दार टेकवलेलं होतं. त्यावर अजवांगच्या मुलीची उंची मोजलेल्या खडूच्या रेघा अजून होत्या.

"मग तुझ्या कोंबड्या सुताराकडे राहतात वाटतं?"

कुंपणापाशी जमलेल्या बाया खो खो हसल्या. ओमुगाने लगेच साखर पेरली. "अगं, तू आलेगो मुलखाची लेक ना? माझी आईही आलेगोचीच. वयाने धाकटी असलीस तरी मावशी लागतेस माझी. मावशीनं भाच्याला असं चारचौघांत..."

अपोंडी स्टुलावर ऐसपैस बसली. "काय लागते मी? त्या बायांना ऐकू नाही गेलं."

"मावशी!" तो मोठ्यांदा म्हणाला. आणि तिथेच चुकला.

अपोंडी उठली. दोन्ही हातांनी तिने कागद पुढे धरला. "मावशी आजोळाहून आलीय. घे."

आजोळच्या हातून आलेलं नाकारायचं नसतं. नाकारणाऱ्याच्या घरात बरकत राहत नाही, हे न्यालेंडात शेंबडं पोरही सांगेल. कुंपणावरची एक म्हातारी तर आताच चुकचुकायला लागली होती. ओमुगाचे हात हळूहळू पुढे आले. त्याने कागद घेतला, सही केली.

"आता दार," अपोंडी म्हणाली. "तू नेलंस, तूच आण."

भर गल्लीतून घरमालक डोक्यावर दार घेऊन चालला आणि मागून ताठ मानेने त्याची मावशी. बिजागरीचे स्क्रू अजवांगने बटणांच्या डब्यात जपून ठेवले होते. दार बसलं, तेव्हा सूर्य अजून डोक्यावरही आला नव्हता.

ओमुगा गेल्यावर अजवांगने फुलाफुलांचं नवं कापड काढलं. "ताई, तुम्हाला झगा शिवते. नाही म्हणू नका."

"तसलं काही मी घेत नाही," अपोंडी म्हणाली. "एवढंच कर. आत जा, दार लाव आणि कडी घाल. मला इथून ती वाजलेली ऐकायचीय."