एकच टी.सी.

आमच्या बी.एस्सी.च्या प्राणिशास्त्राचा अर्धा अभ्यास समुद्रात होता आणि आम्ही चंद्रपुरात. तारामासा, जेलीफिश, समुद्रघोडा, सगळे प्रयोगशाळेच्या कपाटात फॉर्मेलिनच्या बरण्यांमध्ये बंद. सर बरणीवर पेन्सिलीनं टकटक करत आणि म्हणत, "लिहून घ्या." तीन वर्षं मी लिहून घेतलं. हा चालतो कसा, असं विचारलं तर सर म्हणायचे, "परीक्षेत ते येत नाही." सरांनी स्वतः समुद्र पाहिलेला नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. मला हे प्राणी जिवंत बघायचे होते, त्यांच्यावरच पुढं शिकायचं होतं. एवढी साधी गोष्ट, पण ती आमच्याकडे कुणाला समजावून सांगणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं.

बाबा वीज केंद्रात ऑपरेटर होते आणि आम्ही ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. निकाल लागला त्या आठवड्यात विहारात वंदना संपल्यावर बाबांनी उभं राहून सांगून टाकलं, "पोरगी पुढं समुद्राचं शिकणार हाय." मग काय, जो तो सल्ला द्यायला मोकळा. ब्रह्मपुरीचे मामा म्हणाले, "मासोळ्याचं शिक्षण? ते तं आमच्या तलावावर फुकटात भेटते. धानाच्या बांधीतही भेटते." शेजारच्या काकूंनी विचारलं, "काऊन वो, बँकेची परीक्षा नाई देत?" सरांचं मत, नागपूरला साधी एम.एस्सी. करावी, मग बी.एड., मग मास्तरकी. हे सगळे माझ्या भल्याचंच बोलत होते आणि त्याचाच मला जास्त संताप यायचा.

बाबांचं मात्र काहीच मत नव्हतं. कधीही विचारा, उत्तर एकच. "पाह्य, तुले जे वाटते ते कर." बाकीच्यांशी निदान भांडता तरी येत होतं. मामांना मी तोंडावर म्हटलं, की तुमच्या तलावातली मासोळी तुम्हालाच लखलाभ. बाबांना काय म्हणणार?

अर्ज मी दोन ठिकाणी केले होते. नागपूरच्या कॉलेजात साध्या एम.एस्सी.ला नाव लागलं. शनिवारपर्यंत मूळ कागद जमा करायचे, नाहीतर जागा दुसऱ्याला. कोकणातल्या कॉलेजात सागरी जीवशास्त्र होतं, आणि तिथली मुलाखत त्याच आठवड्यात बुधवारी. गुणपत्रिकेच्या नकला काढता येतात, पण कॉलेज सोडल्याची टी.सी. एकच असते. ती ज्या कॉलेजच्या फायलीत गेली त्या कॉलेजचे तुम्ही. मी हिशेब केला, बुधवारी मुलाखत देऊन संध्याकाळीच निघालं तर शुक्रवारी घर आणि शनिवारी नागपूर. मध्ये कुठं श्वास घ्यायलाही जागा नव्हती.

बाबा म्हणाले, "मी येतो." सोमवारी निघालो. वर्ध्याहून रेल्वे, मग एस.टी., मग घाटातली वळणं. मी वळणावळणावर ओकत होते आणि मधल्या वेळात पाठ केलेली लॅटिन नावं घोकत होते. बाबा पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

मुलाखतीत तिघं होते. नावं विचारली, ती सांगितली. वर्गीकरण धडाधडा म्हणून दाखवलं. पहिले दोघं माना डोलवत होते. मग तिसऱ्यानं सहज विचारलं, "तारामासा जिवंत असताना कोणत्या रंगाचा असतो?" मी जराही न अडखळता म्हणाले, "पिवळसर पांढरा."

तिघंही हसले. वाईट हसले असं नाही, पण हसले. फॉर्मेलिनमध्ये रंग उडतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. "समुद्र पाहिलाय का कधी?" एकानं विचारलं. "नाही," मी म्हणाले. "मग इतक्या लांबून हाच विषय का?" याचं उत्तर माझ्याजवळ तीन वर्षांपासून तयार होतं. त्या क्षणी त्यातला एक शब्द तोंडातून बाहेर पडला नाही.

दुपारी चारला यादी लागली. माझं नाव मुख्य यादीत नव्हतं, प्रतीक्षा यादीत दुसरं होतं. खिडकीतला कारकून भला माणूस होता. माझे कागद अजून त्याच्यासमोरच होते. म्हणाला, "टी.सी. इथंच राहू द्या. आठ दिवसांत कुणी ना कुणी गळतंच. जवळपास कुठं थांबा, म्हणजे लगेच कळेल. परत हवी असेल तर मात्र आत्ताच सांगा."

मी मागं वळून बाबांकडे बघितलं. जन्मात एकदा तरी या माणसानं "थांब" म्हणावं किंवा "चल" म्हणावं, असं मला फार वाटलं.

"पाह्य," बाबा म्हणाले, "तुले जे वाटते ते कर."

मी काय वाटून घेणार होते? बाबांची ड्युटी, परक्या गावात आठ दिवस लॉजमध्ये राहणं, आणि एवढं करून कुणी गळालंच नाही तर नागपूरही गेलं. शिवाय ते हसणं. खोटं कशाला बोलू, ते हसणं सगळ्यात मोठं होतं. मी खिडकीत हात घातला आणि टी.सी. परत मागून घेतली.

समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर होता, आवाज येत होता. बाबांनी विचारलं, "जाऊन येऊ का जरा?" मी म्हणाले, "नाई पाह्यचा मले." आम्ही तडक एस.टी. स्टँडवर गेलो.

शुक्रवारी घरी पोचलो. आईनं दार उघडलं आणि आमच्या तोंडाकडे बघत राहिली. "इतक्या लवकर कशे आले?" ती बाबांना म्हणाली. "तुमी तं पंधरा दिवसाची सुट्टी टाकली होती ना?"

मी बाबांवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच तशी ओरडले. "मंग तिथी काऊन नाई सांगितलं? तिथी काऊन मूग गिळून बसले?"

बाबा चपला काढत होते. वर न बघता म्हणाले, "मी थांब म्हटलं असतं तं ते माह्या मनाचं झालं असतं. तुह्या मनाचं झालं पाह्यजे होतं. तू कागद वापस घेतला, मले वाटलं, तुलेच नाई राह्यचं."

माझ्या मनाचं व्हावं म्हणून तो माणूस सुट्टी टाकून, तोंड मिटून माझ्या मागं उभा होता, आणि मी त्याच्याच ड्युटीचा विचार करून खिडकीत हात घातला होता. राग कुणावर काढायचा तेही कळेना. मी जेवले नाही. आईही जेवली नाही.

कोकणात त्या वर्षी कुणी गळालं की नाही, ते मी कधीच विचारलं नाही. शनिवारी सकाळच्या एस.टी.नं नागपूरला जाऊन टी.सी. जमा केली. बाबा सोबत आले होते. त्यांची दहा दिवसांची सुट्टी अजून शिल्लक होती.